एका लग्नाचे १,१४३ तुकडे

भाचीचा रोह्याहून फोन आला. "मामा, दोन मिनिटांचं काम आहे रे."

आमच्या घरात दोन मिनिटांचं काम दोन मिनिटांत झाल्याची नोंद नाही. वडील "दोन मिनिटांत आलो" म्हणून पेणच्या बाजारात पोहे आणायला जात आणि उन्हं डोक्यावर आली की परतत, तेही पोहे न घेता. त्यामुळे मी सावध झालो. पण भाचीचं लग्न दीड महिन्यावर आलेलं. मामाचं लग्नातलं मुख्य काम म्हणजे नवरीला बोहल्यापर्यंत आणणं आणि मग तिच्यामागे गप्प उभं राहणं. गप्प राहायचा सराव आधीपासून असलेला बरा, म्हणून मी ऐकून घेतलं.

काम असं होतं. हळदीच्या संध्याकाळी तिला मोठ्या पडद्यावर आपल्या आईबाबांच्या लग्नातली दोन मिनिटं दाखवायची होती. अंतरपाट, पाठवणी आणि रोह्यातला गृहप्रवेश. "कॅसेट आजीकडे पेणला आहे ना? ती कॉम्प्युटरवर घे. आता सीन आपोआप वेगळे होतात. त्यातले तीन उचल, जोड, पाठव. झालं!"

'आपोआप' या शब्दाची मला धास्ती आहे. आमच्या घरी लहानपणी कपडे आपोआप धुतले जात, डबे आपोआप भरले जात आणि वाळवणाचे पापड आपोआप गच्चीवरून खाली येत. या सगळ्याला 'आई' म्हणतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. आता या लग्नाचे सीन आपोआप वेगळे होणार म्हणजे कोणाला तरी आई व्हावं लागणार, एवढं मी ओळखलं.

कॅसेट आईच्या कपाटात, पैठणीच्या खाली, डांबरगोळ्यांच्या वासात सापडली. त्यावर वडिलांच्या अक्षरात लिहिलं होतं : 'शुभविवाह, मे १९९२. पुसू नये.' ही सूचना उशिरा लिहिलेली होती. लग्नानंतरचे सहा महिने ही कॅसेट नातेवाइकांत फिरत होती, आणि त्यातल्या कोणी तरी रविवारची मालिका टेप करायला हीच कॅसेट मशीनमध्ये घातली. चूक लक्षात येईपर्यंत चार मिनिटं गेली. ती चार मिनिटं नेमकी सप्तपदीची. त्यामुळे आमची ताई चौथं पाऊल उचलते आणि ते टेकायच्या जागी वॉशिंग पावडरची जाहिरात येते. पुराव्यानिशी बोलायचं तर ताईची सप्तपदी गेली तेहतीस वर्षं साडेतीन पावलांवर थांबलेली आहे. भावोजी हे सगळ्यांना आवडीने सांगतात.

मग व्हीसीआर शोधण्यात आठ दिवस गेले. एके काळी ही वस्तू भाड्याने मिळायची. १९८२च्या एशियाडच्या आगेमागे टीव्ही रंगीत झाले, आणि पुढची दहा वर्षं गल्लीगल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचा आणि एका रात्रीत तीन पिक्चर संपवायचे, हा कार्यक्रम चालला. तिसऱ्या पिक्चरला फक्त ज्याच्या घरात मशीन होतं तो जागा असायचा, कारण ते सकाळी परत करायचं असायचं. आता एका मित्राच्या अलिबागच्या माळ्यावर एक मशीन निघालं. त्यात एका पालीने संसार मांडला होता. तिला रीतसर निरोप देऊन मशीन पेणला आणलं.

कॅसेट उघडून बघितली तर टेपच्या कडेला पांढरी बुरशी. कोकणात पावसाळ्यात चपलेला, पट्ट्याला, पत्रिकेच्या चोपडीला बुरशी येते, मग कॅसेटने काय पाप केलंय? ती पुसून, टेप चार वेळा पुढेमागे फिरवून, ट्रॅकिंगचं बटण पिळून एकदाच्या पडद्यावरच्या मुंग्या हटल्या. लाल-पांढरी-पिवळी वायर यूएसबीच्या एका डबीत गेली, डबी लॅपटॉपमध्ये गेली, आणि लग्नाला सुरुवात झाली.

इथे एक गोष्ट भाचीला माहीत नव्हती. टेप कॉम्प्युटरवर घ्यायची तर ती पूर्ण वाजवावी लागते. तीन तासांची कॅसेट म्हणजे तीन तास. गुरुजींना दक्षिणेची खूण केली तर ते मंगलाष्टकं तरी आवरती घेतात. व्हीसीआरला ती सोय नाही. त्यामुळे टेप उतरवणं म्हणजे ते लग्न पुन्हा लावणंच. हे आईच्या लगेच लक्षात आलं. ती आत जाऊन साडी बदलून आली. "अगं, आपण बघणार आहोत. ते आपल्याला बघणार नाहीयेत," मी म्हटलं. "सगळी माणसं येणार, आणि मी गाउनवर बसू?" ती म्हणाली. शेजारचे आले. दोनदा चहा झाला. आईचं धावतं वर्णन सुरू झालं : "हा गेला. ही गेली. हाही गेला. ही आहे, पण आपल्याशी बोलत नाही."

त्या काळचं लग्नाचं शूटिंग ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो. एक शूटिंगवाला खांद्यावर कॅमेरा घेऊन चाले. त्याच्यामागे एक पोऱ्या हातात हॅलोजनचा दिवा घेऊन, आणि त्याच्यामागे आणखी एक पोऱ्या त्या दिव्याची वायर गोळा करत. हा लवाजमा ज्याच्यासमोर येई तो माणूस जागीच थिजायचा. व्हिडिओ म्हणजे हलत्या चित्रांचं यंत्र आहे हे आमच्या पिढीतल्या कोणालाच पटलेलं नव्हतं. हात जोडून, श्वास रोखून, डोळे न मिटता सगळे फोटोसारखे उभे राहत आणि पाच सेकंदांनी ओठ न हलवता विचारत, "झाला का?" तीन तासांच्या त्या टेपमध्ये मोकळेपणाने हलणारी वस्तू एकच आहे : मांडवाची झालर.

तीन तासांनी टेप संपली. मी 'सीन आपोआप वेगळे करा' या चौकोनात खूण केली आणि झोपायला गेलो. सकाळी बघतो तर लॅपटॉपवर ००१पासून ११४३पर्यंत फाइली ओळीने उभ्या. वऱ्हाडाची मोजदाद चुकून जेवायला अकराशे पानं आली, की वधूपित्याला जसं वाटत असेल तसं मला वाटलं.

हे कसं झालं, ते समजून घेण्यात दोन दिवस गेले. १९७६मध्ये जपानच्या जेव्हीसी कंपनीने व्हीएचएस काढली तेव्हा त्या अर्धा इंच रुंदीच्या टेपवर चित्र आणि आवाज एवढंच ठेवायची योजना होती. कोणतं चित्र कधी घेतलं, कॅमेरा कुठे थांबला, याची कसलीही नोंद टेपवर नसते. मग कॉम्प्युटर बिचारा काय करणार? तो एकेक चित्र आधीच्या चित्राशी ताडून बघतो. आपल्याकडे सेकंदाला २५ चित्रं. तीन तासांची २,७०,००० चित्रं. म्हणजे 'हे आधीच्यापेक्षा वेगळं आहे का?' हा प्रश्न त्याने रात्रभरात दोन लाख एकोणसत्तर हजार नऊशे नव्याण्णव वेळा विचारला. एवढ्या चिकाटीने तुलना फक्त दोन जावा एकमेकींच्या साड्यांची करतात.

फरक मोठा दिसला की तो म्हणतो, सीन बदलला. तत्त्व म्हणून ठीक आहे. पण त्याला पेणचं लग्न माहीत नाही.

पहिली अडचण फोटोग्राफरची. त्याचा फ्लॅश उडाला की एक चित्र पांढरंफटक. कॉम्प्युटर म्हणतो, नवा सीन. पुढच्याच चित्रात पुन्हा नवरानवरी. तो म्हणतो, आणखी एक नवा सीन. अंतरपाट दूर झाला त्या क्षणी दोन्हीकडचे फोटोग्राफर आणि कॅमेरा बाळगणारे तीन हौशी पाहुणे यांनी मिळून जो प्रकाश पाडला त्यात पाच सेकंदांचे एकोणीस तुकडे झाले. भाचीला जो सीन सगळ्यात आधी हवा होता, त्याचा नेमका चिवडा झाला होता.

दुसरी अडचण थोरल्या काकांची. काकांची अंगकाठी प्रशस्त आणि अंगात निळा सफारी. ते कॅमेऱ्यासमोरून गेले की पडदा निळा व्हायचा. एक तुकडा काका येण्यापूर्वीचा, एक निव्वळ काका, एक काका गेल्यानंतरचा. ते सव्वीस वेळा गेले. सिनेमावाले ज्याला कट म्हणतात त्याला मी आता काका म्हणतो.

तिसरी अडचण दिव्याच्या पोऱ्याची. आहेर चालू असताना मागून जिलेबीचं ताट गेलं की त्याची मान वळायची आणि मानेबरोबर दिवाही. नवरानवरी अंधारात, ताट उजेडात. चौथी अडचण विजेची. ती तीनदा गेली. तीनदा जाण्याचे तीन आणि तीनदा येण्याचे तीन असे सहा सीन झाले. आणि पाचवी अडचण मिक्सिंगची. शूटिंगवाल्याने मुंबईहून मिक्सिंग करून आणलं होतं, आणि तिथल्या माणसाने मशीनवर जेवढी बटणं होती तेवढी वापरली होती. ताई गुलाबात येते, भावोजी बदामात येतात, दोघं पुस्तकाच्या पानासारखी उलटतात, गिरक्या घेत लांब जातात आणि आकाशातून आमची आजी उतरते. फक्त आजीच्या अवतरणाचे चौदा तुकडे.

सगळ्यात छोटा तुकडा सात चित्रांचा, म्हणजे ०.२८ सेकंदांचा. त्यात एक अनोळखी हात आणि मठ्ठ्याची वाटी आहे. कॉम्प्युटरच्या मते हा स्वतंत्र प्रसंग. वाटी कोणाची, हात कोणाचा, यावर आई आणि शेजारच्या काकू अजून एकमताला आलेल्या नाहीत.

मग कळलं की प्रोग्रॅममध्ये एक आकडा असतो. फरक किती मोठा झाला म्हणजे सीन बदलला समजायचं, ते त्यावर ठरतं. त्याला थ्रेशोल्ड म्हणतात, म्हणजे उंबरठा. हे वाचल्यावर मात्र मला त्या यंत्राबद्दल आपलेपणा वाटला. आमच्या दोन्ही घराण्यांचं सगळं राजकारण याच आकड्यावर चालत आलं आहे.

रोह्याच्या आत्याबाई, म्हणजे भावोजींच्या आत्या, यांचा उंबरठा जमिनीलगत. शेजारच्या बाईच्या हळदीकुंकवाच्या वाणापेक्षा आपलं वाण बोटभर लहान दिसलं की त्यांचा सीन बदलायचा. आमच्या वडिलांचा उंबरठा वाड्याच्या दिंडीदरवाजासारखा. मांडवाची कनात वाऱ्याने उडाली तरी ते "बघू" म्हणत. आणि लग्नाची बोलणी याच दोघांत झाली. वर त्यात गावांचा अभिमान. पेण तालुक्यातलं गागोदे हे विनोबांचं जन्मगाव. चिंतामणराव देशमुखांचं घराणं रोह्याचं. ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री. एका बाजूने भूदान मागणारा दिला, दुसऱ्या बाजूने नोटांवर सही करणारा. अशा दोन गावांची सोयरीक झाल्यावर वऱ्हाडाच्या एसटीचं भाडं कोणी द्यायचं, याचा निकाल एका बैठकीत लागेल ही अपेक्षाच चूक होती. तीन बैठका लागल्या. भाडं निम्मं-निम्मं ठरलं, आणि निम्मं म्हणजे नक्की किती यासाठी चौथी.

मी उंबरठा एकदम वर नेला. दुसऱ्या दिवशी सकाळी एवढ्या मोठ्या लग्नाचे नऊच तुकडे. त्यातले सहा विजेचे. म्हणजे यंत्राला वडिलांसारखं केलं तर लग्न घडतच नाही, आणि आत्याबाईंसारखं केलं तर संपत नाही.

पण खरी गंमत पुढे कळली. अकराशे त्रेचाळीस तुकडे पाडणाऱ्या त्या यंत्राला जिथे खरोखर काही घडलं तिथे काहीच दिसलं नव्हतं. त्या ढिगात एक तुकडा अखंड चौतीस मिनिटांचा होता. तो पंगतीचा. माणसं ओळीने बसलेली, वाढपी ओळीने फिरताहेत, हात पानाकडून तोंडाकडे. या चित्रातून त्या चित्रात फरक म्हणून नाही. प्रत्यक्षात याच चौतीस मिनिटांत आत्याबाई पानावरून उठल्या होत्या! त्यांना जिलेबीचा आग्रह एकदाच झाला आणि त्यांच्या भावजयीला दोनदा, हे ते ऐतिहासिक कारण. त्यानंतर सात वर्षं त्या पेणला आल्या नाहीत. दोन घराण्यांत त्याहून मोठा सीन आजवर झालेला नाही, आणि यंत्र म्हणतं, इथे काही बदललं नाही. मी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघितला. एकविसाव्या मिनिटाला ओळीत एक पान रिकामं दिसतं. पानावर एक जिलेबी. बस्स.

तसंच सीमांतपूजन आणि लग्न. मध्ये अख्खी रात्र गेलेली. पण मिक्सिंगवाल्याने एक चित्र हळूहळू विरवून त्यातून दुसरं उमलवलं होतं. यंत्राला हा बदल दिसलाच नाही. त्याच्या लेखी आदल्या संध्याकाळी पूजन चालू असतानाच ऊन पडलं आणि सगळ्यांनी कपडे बदलले.

आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. पेणमध्ये शेजारी गणपतीचा कारखाना नसणं हेच अवघड. तिथले जुने कारागीर संध्याकाळी चहाला आले होते. आता डोळे साथ देत नाहीत म्हणून ते आखणी करत नाहीत. एके काळी मूर्तीच्या डोळ्यांत शेवटची रेघ त्यांचीच असायची. मी तक्रार केली की या मिक्सिंगवाल्याने सांधा पार मिटवून टाकलाय. ते स्क्रीनकडे बघत म्हणाले, "मग चांगला कारागीर म्हणायचा. आम्ही दुसरं काय करतो? साच्यातून मूर्ती निघाली की जोडाची रेघ उठून दिसते. ती ओल्या ब्रशने मारायची. गिऱ्हाइकाला ती दिसली तर काम कच्चं." मग चहाचा घोट घेऊन म्हणाले, "पण आपण विसरायचं नाही ती कुठे होती. माल भरताना तिथेच हात ठेवायचा नसतो."

एवढ्यात भाचीचा दुसरा फोन. "मामा, माझं लहानपण पण टाक ना. दोनच सेकंद." तिच्या काकांनी २००३मध्ये हँडीकॅम घेतला होता, मिनीडीव्हीचा. टेपा रोह्याला होत्या. मी लॅपटॉप घेऊन निघालो. रस्त्याने जाण्यात अर्थ नव्हता. मुंबई-गोवा महामार्गाचा नंबर सतराचा सहासष्ट झाला, रुंदीकरण २०११पासून चालू आहे, आणि त्या रस्त्यावर सीन कधी बदलेल हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही. म्हणून आगगाडीने गेलो. पेण, कासू, नागोठणे, रोहे.

डीव्ही हा प्रकार व्हीएचएसपेक्षा शहाणा. १९९५मध्ये आला. पाव इंचाची टेप, तासाला साधारण तेरा जीबीचा ऐवज. यात एकेक चित्र बारा तिरप्या पट्ट्यांत लिहिलेलं असतं आणि त्या पट्ट्यांतच एका कोपऱ्यात तारीख आणि वेळ गुपचूप नोंदलेली असते. पडद्यावर ती दिसत नाही. एसटीचा कंडक्टर प्रत्येक टप्प्याला वहीत आकडे टाकतो, प्रवाशाला त्याचा पत्ता नसतो, तसं. त्यामुळे विनडीव्हीसारखा छोटासा फुकट प्रोग्रॅमही चित्राकडे ढुंकून न बघता सीन वेगळे करतो. या चित्राची वेळ चार वाजून दहा मिनिटं, पुढच्याची पाच वाजून वीस, म्हणजे मध्ये कॅमेरा बंद होता. कर इथे तुकडा. फ्लॅश उडो, काका जावोत, त्याला फरक पडत नाही.

तुकडे खरंच सुरेख पडले. फक्त भाचीच्या काकांनी कॅमेऱ्याचं घड्याळ कधी लावलंच नव्हतं. बॅटरी पार उतरली की ते पुन्हा १ जानेवारीच्या मध्यरात्रीवर जायचं. त्यामुळे टेपेच्या नोंदीनुसार रोह्यात एकाच १ जानेवारीला दसरा झाला, गणपती आले, गेले, भाचीचे दोन वाढदिवस झाले आणि कुंडलिकेला पूरही आला. तेही बहुतेक पहाटे दोनच्या आत.

आणि काकांचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे बटणाचा क्रम उलटा. चालू समजत तेव्हा कॅमेरा बंद, आणि बंद केला समजून गळ्यात अडकवला की तो चालू. धावीर महाराजांची पालखी हे रोह्याचं भूषण. पोलीस महाराजांना सशस्त्र मानवंदना देतात, ती बघायला गाव लोटतं. काका ती खास टिपायला गेले होते. टेपवर एक्केचाळीस मिनिटांचा सलग तुकडा आहे. त्यात काकांच्या चपला, काकांच्या पँटची मोहरी आणि रोह्याचा रस्ता. आवाज मात्र संपूर्ण. ढोल, गर्दी, सलामीचा हुकूम, आणि सगळ्यांवर ताण करून काकांचा समाधानी स्वर : "मस्त आलंय!" एके ठिकाणी मात्र चपलांशेजारी लहान लाल बूट येतात, काकांच्या बोटाला धरून थोडं चालतात आणि दिसेनासे होतात. ती भाची. दोन सेकंद हवे होते, सव्वातीन मिळाले.

रात्री ताईला लॅपटॉपवर तिचं लग्न दाखवलं. तुकडे ओळीने मांडले होते. एकोणीस तुकडे हाताने सांधून अंतरपाट पुन्हा एक केला होता. सव्वीस काकांपैकी पंचवीस काढले होते. एक ठेवला, कारण नेमका पहिला हार घालताना ते आडवे आले होते आणि त्यांना काढलं असतं तर हारही गेला असता. ताई बघत होती, भावोजी साडेतीन पावलांचा विनोद सांगत होते. १,०६१व्या तुकड्यात पाठवणी. आई रडतेय, एसटी धूळ उडवत पेणहून निघते. १,०६२व्यात रोह्याचा दरवाजा, उंबरठ्यावर माप, ताईचा पाय.

"बघ," मी म्हटलं, "अकराशेमध्ये हा एकच कट या यंत्राला बिनचूक जमलाय. कॅमेरा खरंच बंद झाला होता. पेणला बंद, रोह्यात चालू."

"हो, शूटिंगवाला जीपने पुढे गेला होता. आम्ही पोचताना घ्यायचं म्हणून," ताई म्हणाली, आणि एकदम हसायला लागली. "मध्ये काय झालं ते सांगितलं नाही का तुला कधी?"

मध्ये चाळीसेक किलोमीटर होते. वडखळच्या नाक्यावर एसटी अडकली. मे महिन्याची संध्याकाळ, अलिबागला निघालेल्या गाड्या, सगळं ठप्प. पाऊण तास गाडी जागची हलली नाही. ताई पहाटेपासून उपाशी होती. नवरीने जेवायचं शेवटी असतं, आणि शेवटी तिच्या पानाभोवती आत्याबाईंचं प्रकरण पेटलेलं, तिला घास उतरला नव्हता. मुंडावळ्यांनी कपाळ काचत होतं. नव्या माणसांत बोलणार कोणाला? तेव्हा सासूबाई पुढच्या सीटवरून उठल्या, खिडकीतून हात बाहेर काढून गरम कांदाभजीचा पुडा घेतला आणि ताईच्या मांडीवर ठेवला. म्हणाल्या, "खा पटकन. शूटिंगवाला पुढे गेलाय."

"आणि मी खाल्ली," ताई म्हणाली. "सगळा पुडा. मुंडावळ्या कानामागे टाकून. यांनी मागितली तर आईंनी यांना दिली नाहीत, म्हणाल्या, तुझी पंगत झालीय." भावोजींनी मान हलवली. तेहतीस वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर त्या भज्यांचं दुःख ताजं होतं. "उतरायच्या आधी आईंनीच पदराने माझं तोंड पुसलं. मग मी उंबरठा ओलांडला. बघ, केवढी खानदानी दिसतेय."

मी पुन्हा बघितलं. खरंच खानदानी दिसत होती. हनुवटीच्या उजव्या बाजूला किंचित तेलकट.

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर परतीच्या गाडीची वाट बघत होतो. रोह्याला मध्य रेल्वे संपते आणि कोकण रेल्वे सुरू होते. २६ जानेवारी १९९८ पासून इथून पुढे रूळ थेट मंगळुरूच्या दिशेने धावताहेत. समोरून एक एक्स्प्रेस न थांबता गेली. डब्यातली माणसं डबे उघडून खात होती, एक मूल खिडकीला नाक लावून बसलं होतं. आपण एक रेल्वे संपवून दुसरीत शिरलो, हे त्यातल्या कोणाला कळलं असेल असं वाटत नाही. कुठल्याशा वहीत तेवढी नोंद झाली असेल.

पेणला आल्यावर रात्री जोडकाम पुरं केलं. अंतरपाट, एक काका, पाठवणी, गृहप्रवेश, लाल बूट. बरोबर दोन मिनिटं. पाठवणी आणि गृहप्रवेश यांच्यामध्ये प्रोग्रॅम विचारत होता, दोन्ही चित्रं एकमेकांत विरवून सांधा झाकू का? मी नको म्हटलं आणि मध्ये तीन सेकंदांचा कोरा काळा तुकडा घातला. फाइल पाठवली.

दहा मिनिटांत भाचीचा फोन. "मामा, कसलं भारी झालंय! पण एक चुकलंय. एक मिनिट अठ्ठावीस सेकंदांना सगळं काळं होतंय. एरर आहे का?"

"नाही गं," मी म्हटलं. "तिथे तुझी आई भजी खातेय."